चाळिशीतला छेत्री परत आला: टाळ्या वाजवायच्या की कपाळावर हात मारायचा?

नेरुळकर_११ | २० मार्च २०२५, रात्री १०:५२

काल शिलाँगला आपण फुटबॉलमध्ये मालदीवला ३-० हरवलं. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा लिस्टन कुलासोचा आणि ७६ व्या मिनिटाला तिसरा सुनील छेत्रीचा. डोक्याने. ९५ वा आंतरराष्ट्रीय गोल.

मी सोफ्यावरून उठून ओरडलो. शेजारी आमचे चिरंजीव, वय वर्षं १२, अकॅडमीत फुटबॉल खेळतात. ते ढिम्म. मग म्हणाला, "बाबा, हा रिटायर झाला होता ना? मग बाकीचे काय करतायत?"

मला उत्तर सुचेना, म्हणून हा धागा.

गेल्या ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० झाली, छेत्री डोळे पुसत मैदानाबाहेर गेला. १५१ सामने, ९४ गोल. तेव्हा घरात मीही डोळे पुसले होते (बायकोला सांगितलं कांदा चिरत होतो, घरात कांदा नव्हता). आणि आता नऊ महिन्यांत कोच मनोलो मार्केझ त्याला परत बोलावतात. नोव्हेंबर २०२३ नंतर आपण एकही सामना जिंकलो नव्हतो, तो जिंकलो, आणि त्यात गोल करणारा माणूस ४० वर्षांचा.

कौतुक आहेच. पण ही नामुष्की पण नाही का? काय वाटतं?

---

घोडबंदर_एक्सप्रेस | २० मार्च, रात्री ११:०५

मी ३१ चा आहे. काल टर्फवर वीस मिनिटं खेळलो, आज जिने उतरताना कठडा धरतोय. मी फक्त टाळ्या वाजवणार.

---

आकडेबहाद्दर | २० मार्च, रात्री ११:३१

नामुष्कीच. एकदा स्पष्ट बोलूया का? ९५ गोल म्हटलं की रोनाल्डो-मेस्सीच्या रांगेत फोटो लावतात. समोर कोण होतं ते कोणी सांगत नाही. मालदीव, नेपाळ, कंबोडिया, चिनी तैपेई. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया समोर आले तेव्हा तीन सामन्यांत आपले गोल शून्य. छेत्री तेव्हा संघात होता.

मला माणूस आवडतो. पण देव्हारा नको.

---

स्वानंदी_सीवूड्स | २१ मार्च, सकाळी ७:४८

आकडेबहाद्दर, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर कोणीतरी देईलच. मी आपली माझी आठवण सांगते.

२०१५ मध्ये मुंबई सिटी क्लबचं घर म्हणजे आपलं नेरुळचं डी. वाय. पाटील. तेव्हाचा आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) लिलाव आठवतोय? छेत्री १ कोटी २० लाखांना सगळ्यात महाग गेला आणि मुंबईने घेतला. आम्ही कॉलेजच्या चौघीजणी ऑक्टोबरमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडच्या मॅचला गेलो, ते खरं सांगायचं तर निकोलस अनेल्काला बघायला. तो खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही होता. नेरुळ स्टेशनवरून चालत गेलो आणि माझी चप्पल तुटली. आख्खी मॅच मी एक पाय अनवाणी ठेवून बघितली.

आम्ही ५-१ जिंकलो आणि छेत्रीने हॅटट्रिक केली. आयएसएलमध्ये भारतीयाची ती पहिली. मला तेव्हा फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक दिसत होतं. बॉल कुठेही असो, हा माणूस सारखा मान वळवून मागे बघायचा. डावीकडे, उजवीकडे. मी मैत्रिणीला म्हटलं, याची मान अवघडलीय का गं?

---

कोच_ऐरोली | २१ मार्च, सकाळी ८:१५

स्वानंदीताई, तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं म्हणता, पण स्ट्रायकरचं सगळ्यात महत्त्वाचं काम तुम्ही नेमकं टिपलंत! त्याला आम्ही मैदानावर "मागे बघ रे" असं ओरडून शिकवतो, आणि शंभरातली नव्वद पोरं ऐकत नाहीत. मागचा डिफेंडर कुठे आहे हे बॉल यायच्या आधीच माहीत असेल तर पहिला टच मोकळ्या जागेत पडतो. बॉल आल्यावर बघायला गेलात की संपलं.

मूळ प्रश्नावर नंतर लिहितो, क्लासेसची वेळ झाली.

---

नौपाडा_काका | २१ मार्च, दुपारी १:२०

आम्ही ठाण्याहून गाडी पकडून कूपरेजला रोव्हर्स कप बघायला जाणारी पिढी. तेव्हा मुंबईत फुटबॉल होता, टर्फ नव्हतं. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. छेत्री पण असल्याच पडक्या घरांतून फिरलेला माणूस आहे हो. जेसीटी पण बंदच झालं.

त्याचा प्रवास बघा. जन्म १९८४, सिकंदराबाद. वडील लष्करात, त्यामुळे बदल्या. आई नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेली, तिची जुळी बहीणसुद्धा! दिल्लीतून २००२ मध्ये मोहन बागान, मग जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, चिराग, परत बागान, चर्चिल. २०१३ मध्ये बंगळुरू एफसी निघालं तेव्हा कुठे बूड टेकलं. मधली मुंबईची वारी सोडली तर आजतागायत तिथेच.

देशाकडून पहिला सामना जून २००५, क्वेट्टा. पाकिस्तानविरुद्ध, पाकिस्तानात, आणि पहिल्याच सामन्यात गोल. आमच्या जावयाला हे सांगितलं तर तो म्हणतो, क्वेट्टाला फुटबॉल पण खेळतात?

---

तर्रीबाज | २१ मार्च, दुपारी १:४४

काकांना दंडवत. जावयाला मिसळ देऊ नका.

---

घोडबंदर_एक्सप्रेस | २१ मार्च, दुपारी २:१०

काका, छेत्रीच्या सासरेबुवांचं राहिलं की. मोहन बागानमधला त्याचा पहिला कोच सुब्रत भट्टाचार्य. पुढे त्यांच्याच मुलीशी, सोनमशी लग्न, २०१७ मध्ये. कोचच्या मुलीला भेटायची हिंमत करणाऱ्याला सेंटर बॅकची काय भीती?

---

आकडेबहाद्दर | २१ मार्च, दुपारी ३:०२

भावनिक वळण लागलं धाग्याला. प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाहीये.

---

अर्धा_मल्याळी | २१ मार्च, संध्याकाळी ६:३०

(आई डोंबिवलीची, बाबा त्रिशूरचे, मी वाशीचा. आयडीचं स्पष्टीकरण संपलं.)

आकडेबहाद्दर, घ्या उत्तर. २०११ आशिया चषक: बहरीनला गोल, दक्षिण कोरियाला गोल. २०१९ आशिया चषक: थायलंडला दोन, ४-१ जिंकलो. २०१८ ला न्यूझीलंड, २०१९ ला ओमान. आणि २००८ च्या चॅलेंज कपची फायनल, दिल्लीत, ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक. त्या एका संध्याकाळीमुळे भारत २०११ च्या आशिया चषकाला गेला. हे सगळे मालदीव आहेत का?

आणि दुबळ्या संघांना गोल मारणं इतकं सोपं असेल तर बाकीच्यांनी का नाही मारले? मालदीव त्यांनाही भेटलंच होतं.

हे लिहिताना माझा हात थरथरतोय, कारण हा माणूस माझा वैरी आहे. ३ मार्च २०२३. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

---

वाचनमात्र | २१ मार्च, संध्याकाळी ६:४१

ज्यांना माहीत नाही त्यांचं काय?

---

अर्धा_मल्याळी | २१ मार्च, संध्याकाळी ७:१५

बाद फेरी, बंगळुरू विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, बंगळुरूचं कांतिरवा स्टेडियम. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळेत बंगळुरूला फ्री किक. आमची भिंत (फ्री किक अडवायला उभी राहणारी खेळाडूंची रांग) अजून लागतेय, गोलकीपर पुढे उभा राहून पोरांना जागा दाखवतोय, आणि हा पठ्ठ्या हळूच बॉल रिकाम्या जाळ्यात टाकून मोकळा! रेफ्रीने गोल दिला. आमचा संघ मैदान सोडून निघून गेला, परत आलाच नाही. नंतर क्लबला ४ कोटी दंड. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलले नाहीत.

---

कोच_ऐरोली | २१ मार्च, रात्री ९:५०

नियम सांगतो, मारू नका. फ्री किक मिळाली की लगेच घ्यायचा हक्क मारणाऱ्या संघाला असतो. भिंत ९.१५ मीटरवर न्या असं त्याने मागितलं, किंवा रेफ्री स्वतः ते काम करायला लागला, तर शिट्टीची वाट बघावी लागते. सगळा वाद तेवढ्याच मुद्द्यावर होता. पण गोलकीपरने बॉलवरची नजर काढायची नाही, हे मी दहा वर्षांच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

---

अर्धा_मल्याळी | २१ मार्च, रात्री ९:५८

तुम्ही पण वैरी.

---

घोडबंदर_एक्सप्रेस | २१ मार्च, रात्री १०:०३

गेल्या डिसेंबरमध्ये परत ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक मारली ना त्याने? ४-२. चाळिशीत. बाबा जेवले का?

---

अर्धा_मल्याळी | २१ मार्च, रात्री १०:०४

ब्लॉक.

---

मुलुंड_चेकनाका | २२ मार्च, सकाळी ९:३०

धागा वाचून २०१८ आठवलं. १ जूनला अंधेरीला चिनी तैपेईविरुद्ध ५-० जिंकलो, छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक फक्त २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाईलवर व्हिडिओ टाकला. शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या, असा हात जोडून. मी त्या मॅचला नव्हतो. ठाण्याहून अंधेरी म्हणजे लांब पडतं म्हणून गेलो नव्हतो. व्हिडिओ बघून अक्षरशः लाज वाटली.

४ जूनची केनियाची मॅच, त्याची शंभरावी. तिकिटं संपली होती, मित्राच्या मित्राकडून दोन मिळाली. घाटकोपरहून मेट्रो, आझाद नगरला उतरलो आणि जो धो धो पाऊस! पहिल्या हाफमध्ये मैदानावर इतकं पाणी की बॉल मारला की दोन फुटांवर जाऊन बसायचा. आम्ही चिंब, पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी प्लास्टिकची पिशवी डोक्याला बांधलेली, ढोल भिजून त्याचा आवाज पोत्यासारखा येत होता. कोणी हललं नाही. दुसऱ्या हाफमध्ये तीन गोल झाले, दोन त्याचे. १० तारखेला त्याच स्पर्धेच्या फायनलला परत दोन, एकूण ६४ आंतरराष्ट्रीय गोल, तेव्हाच्या मेस्सीशी बरोबरी.

घरी पोचलो तेव्हा पाकिटातल्या नोटा पंख्याखाली वाळत घातल्या. त्यातली एक दहाची अजून तशीच ठेवलीय.

---

आकडेबहाद्दर | २२ मार्च, सकाळी १०:१२

ओके. पाऊस आणि दहाची नोट यापुढे माझे आकडे चालत नाहीत. अर्धा_मल्याळी यांची यादी पण मान्य. पण मूळ मुद्दा सोडत नाही: ४० व्या वर्षी त्याला बोलवावं लागतं हे वाईटच आहे. छेत्रीसाठी नाही, आपल्यासाठी.

---

स्वानंदी_सीवूड्स | २२ मार्च, सकाळी ११:०५

पण मनोलोंनी करायचं काय? यंदाच्या लीगमध्ये छेत्रीचे १२ गोल, भारतीयांत सगळ्यात जास्त. नाव झाकून यादी दिली तरी पहिला तोच निघेल. वय बघून वगळलं असतं तर त्यावर वेगळा धागा निघाला असता.

---

कोच_ऐरोली | २२ मार्च, दुपारी ३:४०

आता सवडीने लिहितो.

एक कारण सगळ्यांना माहीत आहे. आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी चालतात, आणि पैसे मोजणारा क्लब त्यातला एक तरी पुढे लावतो. गोल ही सगळ्यात महाग वस्तू, ती विकत आणतात. मग आपला पोरगा स्ट्रायकर असला तरी त्याला विंगला (मैदानाच्या कडेला) ढकलतात किंवा बाकावर बसवतात. छेत्रीसुद्धा क्लबमध्ये बरीच वर्षं डावीकडून खेळलाय.

पण मला जे रोज दिसतं ते याच्याही खालचं आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत टर्फच टर्फ झालेत. चांगलं आहे, पोरं खेळतायत. पण टर्फवर खेळतात काय? पाचास पाच. ऑफसाइड नाही. वर जाळी. गोल बुटका. साइडलाइन नाही, बॉल जाळीला आपटून परत येतो. म्हणजे विंगवरून क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला बॉल) नाही, आणि क्रॉस नाही म्हणजे हेडर नाही. डिफेंडरच्या पाठीमागे पळायला जागा नाही, म्हणून त्या पळण्याची वेळ साधायची सवय नाही. पोरांचे पाय भन्नाट चालतात, दोघांना चकवतात, आणि मोठ्या मैदानावर आणलं की अठरा यार्डात (गोलसमोरच्या चौकोनात) उभं कुठे राहायचं हे माहीत नसतं. बुटातून काळे रबराचे दाणे निघतात मूठभर, स्ट्रायकर निघत नाही.

परवाचा छेत्रीचा गोल परत बघा. उंची ५ फूट ७ इंच. समोरचे उंच. तो आधी डिफेंडरच्या नजरेआड, त्याच्या खांद्यामागे सरकतो. क्रॉस येईपर्यंत तिथेच. मग एक छोटं पाऊल मागे आणि दोन पुढे, आणि डिफेंडर जमिनीवर असताना हा हवेत. ही उडी शिकवून येत नाही असं लोक म्हणतात. येते. पण त्यासाठी रोज पन्नास क्रॉस टाकणारा कोणीतरी लागतो आणि पूर्ण मैदान लागतं. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस अर्धं मैदान मिळतं, उरलेल्या अर्ध्यात टेनिस बॉल क्रिकेट. परवा आमच्या सेंटर फॉरवर्डने स्क्वेअर लेगला कॅच घेतला.

---

तर्रीबाज | २२ मार्च, दुपारी ३:५२

तोच खरा अष्टपैलू.

---

नौपाडा_काका | २२ मार्च, संध्याकाळी ५:१०

कोचसाहेब, मनातलं बोललात. आणि बाहेर जाऊन शिकायचं म्हटलं तर त्याचीही रडकथा. २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने छेत्रीशी करार केला होता. ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफा क्रमवारीतल्या पहिल्या ७० देशांत नव्हता. आता देश वर आणायचा तर खेळाडू बाहेर जायला हवेत, आणि खेळाडू बाहेर जायला देश वर हवा. रेशन कार्डासाठी वीजबिल आणि वीजबिलासाठी रेशन कार्ड.

पुढे २०१० ला अमेरिकेत कॅन्सस सिटी, लीगचा एकही सामना मिळाला नाही. २०१२ ला लिस्बनला स्पोर्टिंगच्या राखीव संघात, तिथूनही वर्षभराच्या आत परत. आम्ही तेव्हा म्हणालो होतो, झालं, संपला. तेव्हा तो २८-२९ चा असेल.

---

नेरुळकर_११ | २२ मार्च, रात्री ११:२०

कोच_ऐरोली, तुमचा प्रतिसाद मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर त्याने जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. महिन्याभरापूर्वी त्याला स्ट्रायकरवरून काढून लेफ्ट बॅक (डावीकडचा डिफेंडर) केलंय. कारण? "उंची कमी पडते." वय १२! अकॅडमीचं नाव घेत नाही, सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण फी भरताना मला "आधुनिक पद्धती"चं छापील पुस्तक दिलं होतं.

त्याने घरात कोणाला सांगितलं नाही. आणि परवा गोल झाल्यावर तो गप्प का होता हे आत्ता माझ्या डोक्यात शिरतंय. मला वाटलं होतं त्याला छेत्रीचं काही वाटत नाही.

---

स्वानंदी_सीवूड्स | २२ मार्च, रात्री ११:३४

अरे देवा. त्याला माझ्यातर्फे आइस्क्रीम.

---

कोच_ऐरोली | २३ मार्च, सकाळी ६:०५

लेफ्ट बॅक वाईट नाही, तिथून स्ट्रायकर कुठे लपतो ते समोरून दिसतं. वर्षभर खेळू दे. पण उंचीचं कारण डोक्यातून काढायला सांगा. आणि सरांना भेटा, भांडायला नाही, विचारायला. रविवारी सकाळी साडेसहाला ऐरोलीला घेऊन या. क्रॉस मी टाकतो.

---

आकडेबहाद्दर | २६ मार्च, सकाळी ८:४०

धागा वर काढतो. काल बांगलादेशविरुद्ध ०-०. छेत्री खेळला, गोल नाही. मी "बघा, म्हटलं होतं ना" लिहायला आलो होतो, पण लिहवत नाहीये.

---

मुलुंड_चेकनाका | ३० मार्च, सकाळी ९:०२

काल बाद फेरीत बंगळुरूने आपल्या मुंबई सिटीला ५-० धुतलं. त्यात एक छेत्रीचा. मी दहाची नोट खर्च करायचा विचार करतोय.

---

अर्धा_मल्याळी | ३० मार्च, सकाळी ९:१०

या, बसा. चहा घ्या. वेदना वाटून घेऊ.

---

घोडबंदर_एक्सप्रेस | ३० मार्च, सकाळी १०:२५

इतकं बोललोय तर एक गटग (गेट-टुगेदर) होऊन जाऊ दे. पुढच्या रविवारी, ऐरोली, कोचसाहेबांच्या अर्ध्या मैदानावर. नाव आणि जागा लिहा. मी गोलकीपर. गुडघे.

---

मुलुंड_चेकनाका | ३० मार्च, सकाळी १०:३१

मी पण गोलकीपर.

---

आकडेबहाद्दर | ३० मार्च, सकाळी १०:४०

डिफेंडर. फार पळणार नाही.

---

अर्धा_मल्याळी | ३० मार्च, सकाळी १०:४४

गोलकीपर. फ्री किक असली की बॉलकडेच बघणार, शपथ.

---

नौपाडा_काका | ३० मार्च, सकाळी ११:१५

मी रेफ्री. खुर्ची आणा.

---

स्वानंदी_सीवूड्स | ३० मार्च, सकाळी ११:२०

डिफेंडर. यावेळी बूट घालून. म्हणजे आतापर्यंत तीन गोलकीपर, दोन डिफेंडर, एक खुर्ची. स्ट्रायकर कोणीच नाही?

---

नेरुळकर_११ | ३० मार्च, सकाळी ११:३८

मुलगा विचारतोय, १२ वर्षांचा चालेल का.

---

कोच_ऐरोली | ३० मार्च, सकाळी ११:४०

साडेसहा. उशीर नको.